एआय एजंटसाठी टूलचे वर्णन कसे लिहावे

एआय एजंट म्हणजे काम पार पाडण्यासाठी आपण दिलेली टूल (आपल्या कोडमधील फंक्शन) स्वतः निवडून वापरणारे भाषा-मॉडेल. त्याला टूलमागचा आपला कोड सहसा दिसत नाही. टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि जेसन स्कीमामध्ये (माहितीची रचना ठरवणाऱ्या साच्यात) मांडलेले पॅरामीटर, म्हणजे टूलला द्यायची मूल्ये, एवढेच मॉडेलपुढे ठेवले जाते, आणि कोणते टूल केव्हा व कोणती मूल्ये देऊन वापरायचे हे त्याला तेवढ्यावरूनच ठरवावे लागते. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलला टूल वापरायला सांगता येण्याची सोय) आणले तेव्हा हीच पद्धत होती आणि अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (टूल मॉडेलला जोडण्याचे मानक) खुला केला त्यानंतरही ती तशीच राहिली.

उदाहरणादाखल रेल्वेगाड्या शोधून देणारे एक टूल घेऊ. घाईत लिहिलेले वर्णन बहुधा ‘गाड्यांची माहिती देते’ असे असते. यात खोटे काही नाही, पण वेळापत्रक, भाडे, पीएनआर आणि गाडी किती उशिरा धावत आहे हे सगळेच ‘माहिती’ या एका शब्दात मावत असल्यामुळे मॉडेल हे टूल कशासाठीही वापरू लागते. त्याऐवजी असे लिहावे:

‘दोन स्थानकांदरम्यान दिलेल्या दिवशी धावणाऱ्या गाड्यांची यादी सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांसह देते. प्रवाशाची गाडी अजून ठरलेली नसेल तेव्हा वापरावे. काढलेल्या तिकिटाची स्थिती हवी असल्यास हे वापरू नये. त्यासाठी दहा अंकी पीएनआर घेणारे “पीएनआर_स्थिती” वापरावे. जागा शिल्लक आहेत की नाहीत, हे यातून कळत नाही. गाडी नसल्यास रिकामी यादी येते. ती त्रुटी समजू नये.’

यातील तिसरे आणि पाचवे वाक्य माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे. टूल काय करते हे लिहिणाऱ्याला आपसूक सुचते, पण ते काय करत नाही हे मुद्दाम बसून लिहावे लागते. जागांबद्दलचे वाक्य नसेल, तर यादीत गाडी दिसताच एजंट ‘गाडी उपलब्ध आहे’ असे सांगून मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याचा समज तिकीट मिळणार असा होतो.

पॅरामीटरचे वर्णनही तितक्याच काळजीने करावे. तारखेपुढे नुसते ‘दिनांक’ लिहिले, तर ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे हा प्रश्न उरतोच; म्हणून ‘वर्ष-महिना-दिवस, उदाहरणार्थ २०२५-०६-०५’ असा नमुना द्यावा. मध्यरात्रीनंतर स्थानकात येणाऱ्या गाडीच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो: दिनांक गाडी मूळ स्थानकाहून सुटण्याचा की प्रवासी चढण्याचा? टूलला जो अपेक्षित असेल, तो स्पष्ट लिहावा. आजची तारीख संदर्भात (मॉडेलपुढे ठेवलेल्या मजकुरात) दिलेली नसल्यास मॉडेलला ‘परवा’चा अर्थ लावता येत नाही, त्यामुळे अशा वेळी तारीख विचारून घ्यावी, अंदाजाने भरू नये, हेही नमूद करावे. डब्याच्या वर्गासारखी मोजकीच मूल्ये असतील, तर ती स्कीमातच ठरवून द्यावीत. मग वर्णनात त्यांवर शब्द खर्च करावे लागत नाहीत.

वर्णने सर्वसाधारणपणे प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात आणि संदर्भातील जागा व्यापतात. म्हणून ‘अत्याधुनिक’, ‘शक्तिशाली’ यांसारखी जाहिरातीतली विशेषणे आणि डेटाबेसमधील टेबलांची नावे काढून टाकावीत. (‘अत्यंत महत्त्वाचे’ असे प्रत्येक टूलवर लिहिले, की कोणतेच टूल महत्त्वाचे राहत नाही.) तिकीट रद्द करणाऱ्या टूलमध्ये मात्र ही कृती मागे घेता येत नाही हे लिहावेच, पण तेवढ्यावर न विसंबता वापरकर्त्याची संमती घेण्याची व्यवस्था कोडमध्ये करावी, कारण वर्णन ही सूचना असते, कुलूप नव्हे.

त्यानंतर लोक बोलतात तशा भाषेतील वीसेक प्रश्न तयार करावेत आणि एजंटचे उत्तर वाचण्याआधी त्याने टूलला कोणती मूल्ये दिली ते पाहावे. समजा, ‘परवा रात्री दादरहून सुरतला जायला काय आहे?’ असे विचारले. टूल स्थानकाचे नाव नव्हे, रेल्वेचा स्थानक-कोड घेते असे धरू. दादरला असे दोन कोड आहेत: मध्य रेल्वेचा डीआर आणि पश्चिम रेल्वेचा डीडीआर. सुरतची गाडी पश्चिम रेल्वेवरून जाते. मॉडेलने डीआर भरला, तर रिकामी यादी येईल आणि वरच्या वर्णनातील शेवटचे वाक्य प्रमाण मानून ते बिनदिक्कत ‘गाडी नाही’ असे सांगेल. म्हणजे एक गैरसमज टाळण्यासाठी लिहिलेल्या वाक्यानेच दुसरा जन्माला घातला. ते वाक्य असे बदलावे: ‘रिकामी यादी म्हणजे या दोन कोडांदरम्यान त्या दिवशी गाडी नाही. त्या ठिकाणचा दुसरा कोड असल्यास तो तपासल्याशिवाय गाडी नसल्याचे सांगू नये.’ आणि कोडऐवजी ‘दादर’ असे नावच आले, तर ‘अवैध इनपुट’ एवढेच न परतवता ‘मध्य रेल्वेसाठी डीआर, पश्चिम रेल्वेसाठी डीडीआर द्या’ असा त्रुटीसंदेश द्यावा, कारण पुढचा प्रयत्न मॉडेल तो संदेश वाचूनच करते.