काचेच्या पेटीतून घरी आलेलं लेकरू : या चुका टाळा

एसएनसीयूतून, म्हणजे दवाखान्यातल्या आजारी नवजात बाळांच्या खास कक्षातून, लेकराला सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशीच दारात चपलांचा ढीग लागतो. आत्या येते, चुलत्या येतात, गल्लीतल्या बाया येतात. त्यातल्या एकीला 'जराशी' सर्दी असतेच, आणि तीच आधी लेकराचा मुका घेते. वर राहिलेलं बारसं आता मांडव घालून करायची घाई. माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच.

आरएसव्ही नावाचा विषाणू धडधाकट मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा फक्त नाक गाळतो. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या लेकराच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्या मात्र तो सुजवून बुजवून टाकतो. आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं पोटातल्या बाळाला मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात, आणि हे लेकरू त्याआधीच बाहेर आलेलं असतं. बारसं दोन-तीन महिने पुढे ढकला. पाहुणे रुसले तर रुसू द्या. घरातलं शाळेत जाणारं थोरलं भावंड साबणाने हात धुऊन, कपडे बदलूनच जवळ येऊ द्या.

आईला सर्दी झाली म्हणून दूध तोडू नका. मास्क लावून, हात धुऊन पाजत राहा.

ओवा-शेपाची धुरी आजी मायेनेच देते, पण तो धूर लेकराच्या कोवळ्या छातीला सोसत नाही. बाळंतिणीची शेगडीही त्या खोलीत नको, चूल आणि बिडी तर नकोच. ऊब हवी तर लेकराला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घाला.

वजन कमी म्हणून लसी लांबवू नका. त्या जन्मतारखेवरूनच मोजतात. आरएसव्हीपासून जपणारं प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन आपल्या लेकराला लागेल का, हे सुट्टी घेतानाच डॉक्टरांना विचारा.

आणि खोकल्याची वाट बघत बसू नका. इतक्या लहान लेकरात कधी खोकला न येता श्वासच मधे थांबतो. 'डबा झालाय' (लेकराला धाप लागली की गावात असंच म्हणतात) म्हणून पोटाला बिब्बा लावण्यात, उरलेलं खोकल्याचं औषध पाजण्यात रात्र जाते. लेकरू झोपलेलं असताना अंगावरचं झबलं वर करा, मोबाइलचं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले तर लगेच पुन्हा मोजा. तरी तेवढेच आले, बरगड्यांखाली खड्डा पडला, ओठ निळे झाले, श्वास थांबला किंवा लेकरू दूध ओढेना, तर तिथूनच १०८ ला फोन लावा. तालुक्याहून लातूर-नांदेड गाठायलाच तास-दीड तास जातो.