मसाईमारा आणि सेरेंगेटी एकाच फेरीत: केनियाचं ई-टीए, टांझानियाचा ई-व्हिसा आणि पिवळी पुस्तिका

केनिया-टांझानियाचा बेत ठरला की लोक आधी व्हिसाच्या मागे लागतात. व्हिसा घरबसल्या होतो. गाडी अडते ती यलो फीव्हरच्या लशीपाशी, म्हणून सुरुवात तिथून करावी.

भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास आपल्याकडे भरपूर आहे, त्यामुळे सरकार या बाबतीत कडक आहे. केनिया, युगांडा, इथिओपिया, रवांडा यांसारख्या देशांतून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचा दाखला, म्हणजे ती पिवळी पुस्तिका, नसला, तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. मुक्काम जास्तीत जास्त ६ दिवसांचा. थेट भारतातून जाणाऱ्याला केनिया हा दाखला मागत नाही. टांझानिया मात्र केनियातून येणाऱ्याला मागतो. म्हणजे केनियातलं मसाईमारा बघून टांझानियातल्या सेरेंगेटीला जायचं असेल, तर एक दाखला दोन ठिकाणी लागणार: जाताना टांझानियाच्या सीमेवर आणि परत येताना मुंबईत. फक्त टांझानियाला जाणाऱ्यांनीही तिकीट नीट बघावं. स्वस्तातली बरीच तिकिटं आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतात, आणि अशा ठिकाणी १२ तासांपेक्षा जास्त थांबा असला की टांझानियाचा नियम लागू होतो.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते, आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. कारण साधं आहे. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की ती ६ तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी ठरावीक माणसांनाच बोलावतात. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीआधी या रांगा वाढतात. मूळ पासपोर्ट सोबत न्यायचा, झेरॉक्सवर काम होत नाही. दाखला लस घेतल्यापासून १० व्या दिवशी लागू होतो, त्यामुळे निघायच्या आठवड्यात घेतलेली लस कागदावर शून्य. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. २०१६ पूर्वीच्या पुस्तिकांवर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी त्याही चालतात.

पुस्तिका हातात आली की केंद्रातून बाहेर पडायच्या आधीच तपासा: नाव, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का. शिक्का पुसट उठलेला असेल तर तिथेच दुसरा मारून घ्या. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर ते लशीच्या आधी उरका, नाहीतर पुस्तिकेवर जुना क्रमांक राहतो आणि जुना पासपोर्ट सोबत बाळगावा लागतो.

ही जिवंत विषाणूची लस आहे. ९ महिन्यांखालचं बाळ, गरोदर स्त्री, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेली व्यक्ती, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले रुग्ण, या सगळ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांनीही बोलावं, कारण त्या वयात गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. आजी-आजोबांना घेऊन जाणारी कुटुंबं पुष्कळ, आणि नेमकं हेच आयत्या वेळी कळतं. लस देता येत नसेल तर केंद्रातले डॉक्टर वैद्यकीय सूट लिहून देतात. पण सूट मिळाली म्हणजे विलगीकरण टळलंच असं धरून चालू नये.

आता अर्ज. दोन देश, दोन वेगळे अर्ज.

केनिया

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी आणली. तो प्रत्येक भारतीय प्रवाशाला लागतो, मांडीवरच्या बाळालाही. मूळ शुल्क माणशी ३० डॉलर, वर कार्डाचा थोडा आकार. प्रवासाच्या आधी तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा. निकाल साधारण ३ कामकाजाच्या दिवसांत येतो, पण त्यावर विसंबू नका, दोन-तीन आठवडे आधी भरून मोकळे व्हा. शुल्क अधूनमधून बदलतं, ते भरताना दिसेल तेच खरं.

पहिला सापळा गूगलवर असतो. 'केनिया व्हिसा' असं शोधलं की वर जाहिराती येतात. दिसायला सरकारी, झेंडा वगैरे सगळं असतं, आणि शुल्क दुप्पट-तिप्पट. पत्त्याचा शेवट बघायचा: केनियाचं सरकारी संकेतस्थळ 'डॉट गो डॉट केई'ने संपतं, टांझानियाचं 'डॉट गो डॉट टीझेड'ने. शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑर्ग' असेल तर तो एजंट आहे. तो परवानगी आणून देतोही, पण आपल्या हाताने अर्ध्या तासात होणाऱ्या कामाचे पैसे त्याला का द्यायचे?

भरायला बसण्याआधी हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा: पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाचं स्कॅन, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ताजा फोटो, जाण्या-येण्याचं तिकीट, हॉटेलचं किंवा सफारी कंपनीचं बुकिंग. पासपोर्टची मुदत पोहोचण्याच्या तारखेपासून किमान ६ महिने शिल्लक हवी, आणि एक तरी कोरं पान.

स्कॅनकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि अर्ज तिथेच अडतो. पानाच्या तळाशी बाणासारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, प्रत्येकीत ४४ चिन्हं. यंत्र त्याच वाचतं. मोबाइलने ट्यूबलाइटखाली फोटो काढला की लॅमिनेशनवर पांढरा पट्टा उमटतो, आणि तो बरोबर या ओळींवर येतो. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, पासपोर्ट टेबलावर सपाट दाबून काढा. चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि अंगठा कुठेही येता कामा नये.

नावाचा घोळ हा तर खास आपला. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून 'गिव्हन नेम' होतं, आडनाव वेगळ्या ओळीत. समजा पासपोर्टवर गिव्हन नेम 'सुनीता रमेश' आणि आडनाव 'कदम' आहे. मग अर्जातही पहिल्या चौकटीत 'सुनीता रमेश' हे दोन्ही शब्द जातील. 'रमेश' गाळायचं नाही आणि आडनावाच्या चौकटीतही ढकलायचं नाही. विमानाच्या तिकिटावर मधलं नाव नसलं तर सहसा अडत नाही, पण परवानगीवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतर आधार बदललं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचाच राहिला असेल, तर पासपोर्टवरचं नावच सगळीकडे चालवा, तिकिटावरसुद्धा. पासपोर्ट क्रमांकात बहुतेकदा एक अक्षर आणि सात अंक असतात. त्या अंकांमधला गोल म्हणजे शून्य, इंग्रजी 'ओ' नव्हे. एवढी चूक झाली तरी परवानगी दुसऱ्याच पासपोर्टची ठरते, आणि मग नवा अर्ज, नवं शुल्क.

जन्मतारखेच्या चौकटीत दिवस आधी की महिना आधी ते बघून भरा. १२ पर्यंतच्या तारखांना संगणक चूक दाखवत नाही, ५ ऑगस्टची ८ मे होऊन जाते.

टांझानिया

इथे अजून रीतसर व्हिसा आहे. भारतीय पर्यटकाला 'ऑर्डिनरी' प्रकार निवडायचा: एकदा प्रवेश, ९० दिवसांपर्यंत मुक्काम, शुल्क ५० डॉलर. कागद तेच, म्हणजे पासपोर्टचं पान, फोटो, परतीचं तिकीट आणि टांझानियातल्या मुक्कामाचा पत्ता. अर्ज सुरू करताना मिळणारा क्रमांक लगेच लिहून ठेवा. पान मध्येच बंद पडलं तर त्याच्याच आधारे अर्धवट अर्ज पुन्हा उघडतो. निकालाला दहा-बारा दिवस लागू शकतात, म्हणून किमान महिनाभर आधी भरा. प्रवेशाचं ठिकाण विचारतात तिथे खरोखर जिथून शिरणार ते लिहा: नैरोबीहून रस्त्याने टांझानियातल्या अरुशाला जात असाल तर नामांगाचा सीमानाका, विमानाने उतरणार असाल तर किलिमांजारो किंवा झांझिबार.

इथे नकाशा फसवतो. मसाईमारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटून आहेत, मध्ये कुंपणही नाही. विल्डबीस्ट खुशाल इकडून तिकडे जातात. पर्यटकांच्या गाडीला मात्र तिथून सीमा ओलांडता येत नाही. पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यावरून किंवा पूर्वेला नामांगावरून वळसा घालावा लागतो, आणि त्यात दिवस मोडतो. कुणी 'सकाळी मारा, दुपारी सेरेंगेटी' असा कार्यक्रम रस्त्याने देत असेल तर त्याला नाका कुठला ते विचारा.

व्हिसा विमानतळावर उतरल्यावरही मिळतो, नामांगालाही मिळतो. तरी ऑनलाइनच काढावा. रात्रीच्या विमानाने तीन-चारशे माणसं एकदम उतरतात आणि पैसे भरायची रांग वेगळी, शिक्क्याची वेगळी. नाक्यावर रोख द्यायची वेळ आलीच तर डॉलरच्या नोटा नव्या मालिकेतल्या हव्यात. २००६ पूर्वीच्या नोटा पूर्व आफ्रिकेत कुणी हातात धरत नाही, फाटक्या किंवा पेनाने लिहिलेल्याही नाही. मनी चेंजरकडून घेतानाच नोटेवरचं साल वाचा.

झांझिबार हा टांझानियाचाच भाग, वेगळा व्हिसा नाही. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे शिरणाऱ्या परदेशी पाहुण्याला तिथल्या सरकारी कंपनीचा विमा सक्तीचा आहे, माणशी ४४ डॉलर. भारतात काढलेली प्रवास विम्याची पॉलिसी असली तरी हा वेगळा काढावाच लागतो. बहुतेक टूरच्या खर्चात तो धरलेला नसतो, आधी विचारून घ्या.

'ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा' नावाचा १०० डॉलरचा एकत्र व्हिसाही आहे. तो केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा. टांझानिया त्यात नाही. नाव वाचून अनेकांची समजूत उलटी होते.

एकदाच प्रवेश म्हणजे एकदाच. नैरोबी, मारा, मग अरुशा, सेरेंगेटी, परत नैरोबीत एक रात्र, मग झांझिबार असा मार्ग आखला तर टांझानियात दोनदा शिरता, आणि पहिल्या शिक्क्यातच व्हिसा संपलेला असतो. मार्ग सरळ ठेवा: नैरोबीत उतरा, आधी केनिया उरका, मग टांझानिया, आणि परतीचं विमान किलिमांजारो किंवा झांझिबारहून घ्या. ते विमान नैरोबीत बदलायचं असेल आणि विमानतळाबाहेर पडायचं नसेल, तर पुन्हा ई-टीए लागत नाही. मात्र संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा. दोन वेगळी तिकिटं असली की सामान घ्यायला बाहेर यावं लागतं आणि बाहेर येणं म्हणजे प्रवेश.

पैसे भरताना

दोन्ही ठिकाणी डॉलरमध्ये, व्हिसा किंवा मास्टरकार्डने. यूपीआय चालत नाही. सगळा अर्ज भरून झाल्यावर शेवटच्या पानावर कार्ड नाकारलं जातं, याचं नेहमीचं कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमात आहे: नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा, मर्यादा वाढवा, काम झालं की परत बंद करा. कार्ड नाकारलं म्हणून पाठोपाठ चार वेळा प्रयत्न करू नका. बँकेला तो घोटाळा वाटतो आणि कार्डच गोठतं. पैसे कापले गेले पण अर्ज 'अनपेड' दाखवतोय असं झालं तर एक दिवस थांबा, दुसरा अर्ज लगेच भरू नका. एकाच पासपोर्टवर दोन अर्ज पडले की दोन्ही रेंगाळतात.

मंजुरी ईमेलवर येते, स्पॅममध्येही बघा. आली की पासपोर्ट शेजारी ठेवून पुन्हा एकदा नाव आणि क्रमांक ताडून पाहा, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती छापून घ्या. मोबाइलमधली पीडीएफ पुरते म्हणतात, पण मुंबईच्या चेक-इन काउंटरवर कागद पुढे केला की प्रश्न कमी येतात. आई किंवा वडील एकटेच मुलाला नेत असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत सोबत असू द्या.

आणि फराळ कॅरीबॅगमध्ये बांधू नका. केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, ड्यूटी-फ्रीची पिशवीही विमानातच सोडावी लागते. चिवडा-लाडू डब्यात, चपला कापडी पिशवीत.