खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्येष्ठ रुग्ण घरी येताना या चुका टाळा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले की सगळे कुटुंब रुग्णालयात धावते आणि घराकडे पाहायला कोणाला सवड उरत नाही. घरी सोडण्याची तारीख कळल्यावर घाईघाईने खोली झाडली जाते, नवी चादर घातली जाते, औषधांसाठी टेबल मांडले जाते. राहून जाते ती पलंगापासून संडासापर्यंतची वाट. रुग्ण पुन्हा पडण्याचा मोठा धोका याच वाटेवर, विशेषतः रात्रीच्या वेळी असतो; म्हणून तयारीची सुरुवात तिथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणती शस्त्रक्रिया झाली हे न विचारता सामान आणणे

खुब्याचा सांधा बदलला आहे, की मोडलेले हाड रॉड किंवा स्क्रू घालून जोडले आहे, हे आधी नीट विचारून घ्यावे, कारण दोन्हींची पथ्ये वेगळी असतात. सांधा बदलला असेल तर तो निखळू नये म्हणून अनेक सर्जन सुरुवातीचे 6 ते 12 आठवडे खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवू नये, पायावर पाय टाकू नये आणि पाऊल आत वळवू नये, असे सांगतात. हाड जोडले असेल तर त्या पायावर किती भार द्यायचा हा मुख्य प्रश्न असतो. या सूचना डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्याव्यात, कारण रात्रपाळीला येणारी मावशी किंवा गावाहून आलेला मुलगा डॉक्टरांच्या तोंडून त्या ऐकणार नसतो.

बसण्याची उंची न मोजणे

आपल्याकडचे दिवाण आणि सोफे बुटके असतात. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जात असतील तर ती बैठक या रुग्णासाठी निरुपयोगी आहे. उंची मोजताना मऊ गादी दबते हे लक्षात घ्यावे. गादीवर कोणीतरी बसलेले असताना जमिनीपासूनचे अंतर मोजावे आणि ते रुग्णाच्या गुडघ्यामागच्या घडीच्या उंचीपेक्षा थोडे जास्त ठेवावे. पलंग उंच करण्यासाठी पायांखाली सुट्या विटा ठेवू नयेत, त्या सरकतात. खोबणी असलेले लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्यावेत. बसायला दोन्ही बाजूंना हात असलेली, न हलणारी खुर्ची द्यावी, म्हणजे हातांवर भार देऊन उठता येते.

संडास-बाथरूमची तयारी शेवटच्या दिवसावर ढकलणे

भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसणे या काळात शक्य नसते. पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड असला तरी तो बहुधा बुटका पडतो, म्हणून त्यावर उंची वाढवणारे सीट बसवावे किंवा कमोड खुर्ची आणावी. ही खुर्ची आणि वॉकर अनेक गावांतील रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांत अनामत रक्कम भरून वापरायला मिळतात. खुर्चीला चाके असतील तर रुग्णाला बसवताना आणि उठवताना चारही ब्रेक लावलेले असलेच पाहिजेत.

आधाराच्या बाबतीत टॉवेलच्या दांडीवर विसंबणे ही गंभीर चूक आहे. ती ओला टॉवेल पेलते, तोल जाणाऱ्या माणसाचे वजन पेलत नाही. रबरी वाटीने टाइलला चिकटणारे हँडलही अचानक सुटते. भिंतीत ड्रिल करून पक्क्या बसवलेल्या स्टीलच्या दांड्या, एक कमोडजवळ आणि एक आंघोळीच्या जागी, एवढे काम प्लंबर एका दुपारी करून देतो.

आंघोळीची अडचण तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही. पाटावर किंवा छोट्या स्टुलावर बसणे बंद होते, म्हणून उंच खुर्ची आणली जाते, पण बादली मात्र जमिनीवरच राहते. मग तांब्याभर पाणी घेण्यासाठी रुग्ण पुढे वाकतो आणि नेमकी जी हालचाल टाळायची तीच दर तांब्याला घडते. बादली भक्कम स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या उंचीला ठेवावी, नाहीतर हँड शॉवर बसवावा. प्लॅस्टिकच्या साध्या खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर फाकतात, तेव्हा पायांना रबर असलेलीच खुर्ची घ्यावी. दाराला आतून कडी लावू देऊ नये.

वॉकर आला, पण वाट मोकळी नाही

वॉकरची रुंदी आणि प्रत्येक दाराची मोकळी जागा टेपने मोजावी. घरात सर्वांत अरुंद दार बहुधा बाथरूमचेच असते. वॉकर तिथे अडत असेल तर त्याला आडवा रेटत नेण्याची सवय लावू नये. रात्रीपुरती कमोड खुर्ची पलंगाशेजारी ठेवणे अधिक सुरक्षित. रुग्ण ताठ उभा राहून हात खाली सोडेल तेव्हा वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. पायपुसणी, सतरंज्या आणि चार्जरच्या वायरी उचलाव्यात, उंबरठ्यावर ठळक रंगाची पट्टी चिकटवावी. नुसत्या अंगठ्याच्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल द्यावी आणि गाऊन किंवा साडी घोट्याच्या वर राहील असे पाहावे. वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा, आणि वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर आपोआप लागणारा.

घरी आल्यावर उद्भवणाऱ्या अडचणी

रुग्ण पाणी कमी पीत असेल तर भूक-तहान मंदावली असे समजू नये. संडासला उठवावे लागू नये म्हणून अनेक ज्येष्ठ मुद्दाम पाणी टाळतात. त्यातच वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता वाढते. ठरावीक वेळी आपण होऊन त्यांना उठवले की हा संकोच कमी होतो. रात्री अचानक असंबद्ध बोलणे किंवा माणसे न ओळखणे हे वयावर ढकलू नये; संसर्ग, पाण्याची कमतरता किंवा एखादे औषध हे त्याचे कारण असू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी असले तरी असा गोंधळ बराच टळतो.

पोटरी सुजली किंवा दुखू लागली तर तेल लावून चोळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर मालिश धोक्याचे ठरते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि धाप लागली किंवा छातीत दुखले तर लगेच 108 ला फोन करावा.

टाके काढायला जाल तेव्हा हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि औषधोपचार यांविषयी आवर्जून विचारा. साध्या पडण्याने एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा खुबाही मोडण्याचा धोका वाढलेला असतो, त्यामुळे वॉकर सुटला तरी बाथरूममधल्या दांड्या आणि रात्रीचा दिवा काढू नये.