गोडो इंजिनात पहिला बदल पाठवताना
२०१४ पासून एमआयटी परवान्याखाली (कोणालाही वापरता व बदलता येईल अशा अटींवर) खुल्या असलेल्या गोडो गेम इंजिनाला (खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरला) दारव्ह्याजवळच्या खेड्यातूनही हातभार लावता येतो; मात्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याने गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून जुन्या बदलांचा संपूर्ण इतिहास न उतरवता केवळ ताजा कोड घ्यावा. एका पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) एकच बदल ठेवावा.

माझ्या बदलावर इंजिनाच्या देखभालकर्त्यांकडून ‘याची गरज काय?’ असा शेरा आला, तेव्हा मी रात्रीच तिखट उत्तर लिहिले. वीज गेल्याने ते पाठवायचे राहिले आणि सकाळी वाचताना लक्षात आले की, मी मोजमापच दिले नव्हते. म्हणून मतभेद झाल्यास बदलाआधीचा व नंतरचा फ्रेमचा वेळ (पडद्यावरचे एक चित्र तयार व्हायला लागणारा वेळ) मोजून मांडावा. तरीही नकार आल्यास, त्या कोडची पुढची देखभाल देखभालकर्त्यांनाच करायची आहे हे मान्य करून आपला बदल स्वतःच्या फोर्कमध्ये (कोडच्या आपल्या वेगळ्या प्रतीत) जपावा.