बागेत पाखरं थांबत नाहीत? उन्हाळ्यात या चुका टाळा

चैत्र लागला की अजिंक्यताऱ्याचा डोंगर पिवळाधमक होतो आणि साताऱ्यातली पाखरं सावली शोधत घरामागच्या झाडांवर येतात. तरी शाहूपुरीपासून गोडोलीपर्यंत ओळखीपाळखीचे लोक एकच तक्रार करतात. "पाणी ठेवलं, दाणे टाकले, पण चिमण्या-कावळ्यांपलीकडे कोण फिरकत नाही." अशा बऱ्याच बागा मी बसून पाहिल्या. उणीव होती ती किड्यांची.

अळी दिसली की फवारा

सगळ्यांत मोठी चूक हीच. गेल्या वैशाखात शेजारच्या काकूंनी हाक मारली, "अहो, इकडं या. लिंबोणीवर पाखराची घाण पडलीय आणि ती चालतीय!" ती फुलपाखराची अळी होती. कोवळ्या वयात ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून भक्ष्य शोधणाऱ्यांची नजर चुकते. पुढं हिरवीगार होते. हात लावलात तर डोक्यामागून केशरी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. काकूंनी हातातलं औषध ठेवून दिलं. झाड पंधराएक दिवस उघडंबोडकं दिसलं, मग पुन्हा पालवलं. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेला नीलवंतसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतो.

दाणे टिपणारी चिमणीही पिल्लांना आधी अळ्या आणि किडेच भरवते. औषध मारलेल्या बागेत बाजरीचं पोतं ओतलं तरी घरट्यातलं पिल्लू उपाशीच. रोप फारच लहान असेल तर अळ्या पानासकट उचलून मोठ्या झाडावर सोडा. कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला असेल तर नळीनं पाण्याचा जोरदार झोत मारला तरी पुरतो.

याच कारणानं आंब्याखालचा पाचोळा रोज लख्ख झाडू नका. एक कोपरा तसाच राहू द्या. सातभाई पाखरांची टोळी येऊन तो कसा उलथापालथा करते ते एकदा पाहाच.

पाणी आहे, पण कुणी उतरत नाही

खोल बादली किंवा स्टीलचं पातेलं नको, धातू उन्हात चटका देतो. कुंडीखालची मातीची पसरट थाळी घ्या, पाणी दोन-तीन बोटंच ठेवा. थाळी झुडपाला चिकटून ठेवली तर आत मांजर दबा धरून बसतं. चार-पाच हात मोकळी जागा सोडा, वर बसायला एखादी फांदी असू द्या. मधमाश्या बुडून मरत असतील तर पाण्याबाहेर डोकावतील असे दगड टाका. पाणी रोज बदला, थाळी घासा. साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात. शिळी चपाती, फरसाण, ब्रेड यांतलं काही ठेवू नका.

दुर्बिणीतून नुसतं धूसर दिसतं

आधी डावा डोळा उघडा ठेवून मधलं चाक फिरवा, मग उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून चित्र स्पष्ट करा. हे एकदाच करावं लागतं. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबर आत ढकला. पाखरू शोधताना दुर्बीण इकडंतिकडं फिरवू नका. नजर पाखरावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. सूर्याच्या दिशेनं कधीच नाही.

दुपारी बारा ते चार पाखरं पानांत गप्प असतात. सकाळी सात-साडेसातपर्यंत एका जागी वीस मिनिटं बसा. फुलपाखरांना मात्र ऊन चढावं लागतं, त्यांच्यासाठी नऊ-दहाची वेळ चांगली.

दयाळ गाडीच्या आरशावर चोची मारतोय

विणीच्या दिवसांत नराला आरशातला स्वतःच प्रतिस्पर्धी वाटतो. तासन्‌तास झुंजून तो थकतो. आरशावर जुना मोजा चढवा. खिडकीची काच असेल तर बाहेरून चुन्याचा पातळ हात द्या.

खाली पडलेलं पिल्लू

हे वाचूनही लोक चुकतात, म्हणून ठासून सांगतो. अंगावर पिसं आणि आखूड शेपूट असलेलं पिल्लू उडायला शिकतंय. आई-बाप जवळच असतात. कुत्र्या-मांजरांची भीती असेल तर उचलून फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा गैरसमज आहे. पिसं नसलेलं पिल्लू घरटं दिसत असेल तर त्यात परत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

घरट्याजवळ मोबाइलवर आवाज वाजवून पाखरू बोलावणंही नको. अंडी उघडी टाकून ते भांडायला येतं.

वळीव पडला तर दार लावून बसू नका

पाऊस उघडला की जमिनीतून पंख फुटलेली वाळवी वर येते. दिवसाउजेडी आली तर कोतवाल, बुलबुल, साळुंक्या, वेडे राघू सगळे एकाच अंगणात उतरतात. संध्याकाळी आली तर व्हरांड्यातला दिवा मालवा, नाहीतर ती सगळी घरात येईल.