सातारा हिल हाफची तयारी: आधी पायाची नखं कापा

यंदा आमच्या पळण्याच्या ग्रुपमधले चौघं पहिल्यांदाच साताऱ्याला, घाटातल्या हाफ मॅरेथॉनला, येतायत आणि प्रत्येकजण वेगळंच विचारतोय, पळताना खायचं एनर्जी जेल कुठलं घेऊ, टोपी लागेल का, रेनकोट घालून पळता येतं का. सगळ्यांची उत्तरं देते, पण त्याआधी एक काम. रेसच्या आधीच्या मंगळवारी नाहीतर बुधवारी पायाची नखं कापा. दहाही बोटांची. आत्ताच्या आत्ता फोनमध्ये त्या बुधवारचा रिमाइंडर लावा आणि मगच पुढचं वाचा.

एवढं मागे लागतेय कारण मागच्या वेळी मी नेमकं हेच विसरले. चार महिने तयारी केली होती, पुण्याजवळच्या बोपदेव घाटात पहाटे जाऊन चढ मारले, फ्रिजवर मोठी यादी लावलेली, त्यात सेफ्टी पिना होत्या, जास्तीचे मोजे होते, केळी सुद्धा होती, नखं नव्हती. गुरुवारी आंघोळीनंतर लक्षात आलं तर आई म्हणाली आज गुरुवार आहे, आपल्यात कापत नाहीत. शुक्रवारी ऑफिसातून घरी यायला साडेआठ झाले, दिवे लागल्यावर नखं कापायची नाहीत हे तर लहानपणापासून अंगात भिनलेलं. शनिवारी दुपारी साताऱ्याच्या लॉजवर बॅग उघडली तर नेलकटरच नाही, आणि शनिवार म्हणजे परत तेच. म्हटलं जाऊदे, एवढीशी तर नखं, काय होणारे. तुमच्याकडे हे वार पाळत असतील नसतील, पण पाळत असतील तर आधीच हिशोब करा, रविवारच्या रेसला सोयीचा दिवस बुधवारच उरतो.

आता काय होतं ते सांगते म्हणजे पटेल. साताऱ्याची रेस साध्या रस्त्यावरच्या हाफसारखी नाही. एकवीस किलोमीटरच, पण गावातून बाहेर पडून समर्थ मंदिर मागे टाकलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो, कासच्या रस्त्याने वर जायचं, यू-टर्न घ्यायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. म्हणजे अर्धी रेस चढ आणि अर्धी उतार. चढताना बोटांना काहीच होत नाही, उलट पाय मागे टाचेकडे सरकलेला असतो. उतारावर प्रत्येक पावलाला पाय शूजच्या आत पुढे घसरतो आणि नख शूजच्या नाकाला आपटतं. त्यात पाऊस, मोजे ओले, म्हणजे पाय जास्तच घसरणार. दहा किलोमीटरच्या उतारात एकेक पाय चार-पाच हजार वेळा पडतो, तेवढ्या वेळा त्याच नखावर हातोडी. नख बोटाच्या पुढे दोन मिलिमीटर आलेलं असलं तरी पुरतं.

मला चौदाव्या किलोमीटरला डाव्या अंगठ्यात पहिल्यांदा टोचल्यासारखं वाटलं. सोळाव्याला पाय वाकडा टाकायला लागले, त्यामुळे उजवा गुडघा दुखायला लागला, आणि शेवटचे दोन किलोमीटर, जे गावातले आहेत, जिथे दोन्ही बाजूंना लोक ढोल वाजवत उभे असतात, शाळेची पोरं टाळ्या देतात, तिथे मी चालत होते. मेडल घेतल्यावर कडेला बसून मोजा काढला तर मोज्याचं टोक लाल झालेलं आणि नख पिकलेल्या जांभळासारखं, खाली रक्त साकळून ते वर उचललं गेलेलं. मंगळवारी डॉक्टरांनी नखाला बारीक भोक पाडून रक्त काढलं तेव्हा कुठे ठणका थांबला. नंतर महिन्याभराने नख पडलं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण परत यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, माझं अजून अर्धंच आहे आणि जाडं, वेडंवाकडं येतंय. सहज टळण्यासारखं होतं हे. एक नेलकटर आणि पाच मिनिटं.

कापायची कशी तेही सांगते कारण अतिहुशारी करून लोक इथेही चुकतात. आंघोळीनंतर नखं मऊ असताना कापा. सरळ रेषेत कापा, कोपरे गोल करत आत जाऊ नका, नाहीतर नख मांसात वाढतं आणि तो आणखी वेगळा त्रास. मांसाला चिकटून कापू नका, पांढरी कड जेमतेम दिसली पाहिजे. मग फाइल घेऊन कड घासा, बोट फिरवून बघा, कुठेही खरखरीत लागता कामा नये, कारण धारदार कोपरा शेजारच्या बोटाला कापतो. आणि आदल्या दिवशी कापू नका, समजा जास्त खोल गेलं तर बरं व्हायला तीन-चार दिवस हातात पाहिजेत. करंगळी पण. करंगळी सगळे सोडतात.

शूज नवीन नकोत, हे सगळ्यांना माहितीय तरी एक्स्पोमध्ये, म्हणजे रेसच्या आधी लागणाऱ्या स्टॉलवर, डिस्काउंट बघून कोणीतरी घेतंच आणि सकाळी तेच घालून येतं. नका करू. शूजमध्ये सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि ती संध्याकाळी मोजा, पाय दिवसभरात फुगतात, पळताना अजून फुगतात. घरच्या जिन्याच्या पायरीवर नाहीतर सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर उतरत्या बाजूला तोंड करून उभे रहा, बोटं पुढे टेकतायत का बघा. टेकत असतील तर लेस वेगळी बांधायची. शूजला घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, बहुतेक लोक ते कधी वापरतच नाहीत. त्यात लेस त्याच बाजूने आत घालून छोटा लूप करायचा, समोरच्या बाजूची लेस त्या लूपमधून ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच मागे पक्की बसते, पाय पुढे जात नाही. घरी दोन-तीन वेळा करून बघा, रेसच्या सकाळी अंधारात ओल्या लेसशी झटापट नको. आणि हे केलं म्हणजे नखं कापायची नाहीत असं नाही, दोन्ही करायचं.

सराव चढाचा सगळे करतात, उताराचा कोणीच करत नाही. सिंहगडला पळत वर जायचं, पिठलं-भाकरी खायची आणि जीपने खाली यायचं, असा सराव करून साताऱ्याला येऊ नका. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, त्याची सवय नसेल तर पंधराव्या किलोमीटरपासून मांड्या थरथरतात आणि मंगळवारी जिना उतरताना कठड्याला धरून उतरावं लागतं. शेवटच्या दोन महिन्यात आठवड्यातून एकदा तरी दोन-तीन किलोमीटर सलग उतार पळा, छोटी पावलं, अंग मागे झुकवायचं नाही. याचा एक फायदा असा की नख लागतंय का तेही तिथेच कळतं. मला एकदा बोपदेवला लागलं होतं, मी लक्ष दिलं नाही. तुम्ही द्या.

मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि साताऱ्यात रेसच्या दिवसात पाऊस नसला तरी धुकं आणि चिकचिक असतेच. सिंथेटिकचे पातळ मोजे, आधी तीन-चार लाँग रनला वापरलेले. बोटांच्या मध्ये, टाचेला, काखेत, मांड्यांच्या आत व्हॅसलिन, भरपूर लावा, लाजू नका. पुरुषांनी छातीला पण, ओला टीशर्ट दोन तास घासल्यावर काय होतं ते फिनिशला पांढऱ्या टीशर्टवर दिसतं. जमलं तर टेप लावा.

राहायचं बुकिंग रजिस्ट्रेशन केलं त्याच दिवशी करा. ही रेस २०१२ पासून होतेय, आता बाहेरगावाहून एवढे लोक येतात की गावातल्या लॉज आधीच भरतात, आणि पुण्याहून पहाटे निघून वेळेवर पोचू असं कोणी म्हणत असेल तर म्हणू दे, रस्ते बंद असतात, पार्किंग लांब मिळतं, रात्रीची झोप जाते ती वेगळीच. बिब, म्हणजे टीशर्टवर लावायचा नंबरचा कागद, शनिवारी दुपारच्या आत घ्या, ओळखपत्र आणि कन्फर्मेशनचा मेल सोबत. बिबच्या मागे टाइमिंग चिप चिकटवलेली असते, बिब दुमडू नका, चुरगळू नका, त्यावर जॅकेट घालून बसू नका. पाठीमागे घरच्याचा नंबर आणि रक्तगट लिहायची जागा असते, ती खरोखर भरा. दुसऱ्याच्या बिबवर पळायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका, माणूस घाटात कोसळला तर डॉक्टरांच्या हातात दुसऱ्याच माणसाची माहिती असते.

शनिवारी संध्याकाळचं जेवण साधं, भात-वरण, दही सोसत असेल तर दही. साताऱ्यात आलोय म्हणून तर्रीदार मिसळ नाहीतर तांबडा रस्सा रविवारी दुपारी. कंदी पेढे पण तेव्हाच. पाणी दिवसभर थोडं थोडं, रात्री एकदम दोन लिटर ढोसून उपयोग नाही, फक्त झोपमोड होते. झोप नाहीच लागत त्या रात्री, काळजी करू नका, शुक्रवारची झोप जास्त महत्त्वाची. झोपायच्या आधी सगळं खुर्चीवर मांडून ठेवा, बिब टीशर्टला चार पिनांनी लावून ठेवा, आणि पायाकडे एकदा बघा. नखं. बुधवारी कापली असतील तर निवांत झोपाल. नसतील कापली तर आता वार बघत बसू नका, देवाला हात जोडा आणि कापा, अगदी हलकी, नुसती फाइल मारली तरी चालेल, पण लांब नखं घेऊन त्या घाटात जाऊ नका. म्हणून नेलकटर बॅगेत हवाच. माझ्याकडे आता दोन असतात, एक घरी आणि एक कायम रेसच्या बॅगेत, बाहेर काढायचाच नाही.

सकाळी दोन तास आधी उठा, केळं, ब्रेडला पीनट बटर, चहा रोज घेत असाल तर चहा. पोट साफ होणं लॉजवरच उरकलेलं बरं, ग्राउंडवरच्या टॉयलेटला रांग मोठी असते. पेनकिलर आधीच घेऊन पळू नका, दोन-अडीच तास घाम गाळताना त्या गोळ्या किडनीवर येतात. मोठी कचऱ्याची काळी पिशवी घ्या, डोकं आणि हात जातील अशी भोकं पाडा, स्टार्टला पाऊस असेल तर तोच रेनकोट, आणि सुरू झालं की कचऱ्याच्या डब्यातच टाका, रस्त्यात नको, मागच्याच्या पायात येते.

सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर गावातले, लोक दारात रांगोळ्या काढून उभे असतात, हुरूप येतो आणि सगळे तिथेच जोरात सुटतात. हळू जा. हा जिल्हाच पळणाऱ्यांचा, ललिता बाबर इथल्याच, माण तालुक्यातल्या मोहीच्या, २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला गेल्या होत्या. रस्त्याकडेच्या पोरी जेव्हा ताई पळा पळा म्हणून ओरडतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, तरी पण हळूच. घाटात घड्याळातल्या पेसकडे, म्हणजे वेगाकडे, बघू नका, श्वासाकडे बघा, दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. चालावं लागलं तर चाला, वळणावर आतल्या बाजूला चढ जास्त उभा असतो, मधून जा. वर धुक्यात पाच फुटांवरचा माणूस दिसत नाही आणि खालून येणारं गार वारं लागतं, ती जागा मला फार आवडते, एकदा तरी मान वर करून बघा.

पाणी प्रत्येक ठिकाणी दोन घोट, नुसतंच पाणी पीत राहू नका, मीठ हवं, मधल्या पॉइंटला इलेक्ट्रॉल घ्या. जेल चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, पाण्यासोबत, घरी खाऊन बघितलेलंच.

यू-टर्नला दहा सेकंद थांबून लेस तपासा. हे करा. थांबायचं जिवावर येतं कारण आता उतार दिसत असतो, पण ओल्या लेस सैल झालेल्या असतात आणि खाली पाय पुढे सरकणार. मी थांबले नव्हते. ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नका, घसरतं.

उतार. छोटी पावलं. ब्रेक मारत जाऊ नका. नखं कापलेली असतील तर मजा येईल.

फिनिशनंतर लगेच बसू नका, पाच-दहा मिनिटं चालत रहा. कोरडे कपडे, टॉवेल, चपला बॅगेत. ओले मोजे आधी काढा, बोटं बघा.

परतीला गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या. मी स्वतः चालवली, आनेवाडीच्या टोलनाक्यापासून खेड शिवापूरपर्यंत प्रत्येक क्लचला तो डावा अंगठा. घरी आल्यावर शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, उन्हात ठेवू नका. पेढे घरच्यांना. आणि रिमाइंडर लावला नसेल अजून तर आता लावा, बुधवार, पायाची नखं.