मलावीच्या खेड्यात स्वच्छतेचं काम करायला निघालाय? या चुका टाळा

दरवर्षी कुणीतरी व्हॉलंटियर म्हणून मलावीला जायला निघतं, जायच्या आधी मला सल्ला विचारतं आणि तिथे जाऊन नेमकं तेच करून येतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे टिपी टॅप ठोकायचे, फोटो काढायचे, आणि गेले आपले घरी. टिपी टॅप म्हणजे हात धुवायचा जुगाडू नळ: दोन बेचक्याचे खुंट, आडवी काठी, तिच्यावर ५ लिटरचा कॅन आणि पायाने दाबायला दोरी बांधलेली काठी. झिम्बाब्वेतून आलेली साधी आयडिया आहे, पण आमच्या ग्रुपमधल्या एका उत्साही पोराने एका वीकेंडला अर्ध्या गावाच्या अंगणात ते उभे केले, घरच्यांना न विचारता! कॅनला भोक झाकणाच्या जरा खाली पाडायचं असतं, याने पाडलं बुडाशी, त्यामुळे भरलं की पाणी आपोआप गळून जायचं. वर खुंटांना वाळवी लागली, साबण पोरांनी पळवले. पण खरी गोची पाण्याची होती, कारण घरातली बाई बोअरवरून २० लिटरची बादली डोक्यावर आणणार, त्यातलं पाणी ती न्सिमा (तिथलं रोजचं मक्याच्या पिठाचं जेवण) शिजवायला ठेवेल की याच्या गळक्या कॅनमध्ये ओतेल? महिनाभरात कॅन रॉकेल आणायला गेले आणि हा म्हणे, लोकांना किंमतच नाही. किंमत कुणाला नव्हती ते दिसतंच आहे.

मी आधी एकच विचारते, पाणी कोण भरणार? घरातलं एखादं शाळकरी पोर तयार झालं तरच टिपी टॅपच्या खुंटांसाठी खड्डे खणायचे, संडासाच्या दाराशीच, आणि लाकूड कुठलं टिकतं ते घरच्या म्हाताऱ्याला विचारायचं. साबण नसेल तर डब्यात राख ठेवा, चालते.

गावात पाऊल टाकायच्या आधी मुखियाला भेटा आणि सरकारी आरोग्य सेवकाला, ज्याला तिथे एचएसए म्हणतात, सोबत घ्या. गावात मयत असेल तर मीटिंग रद्द, वाद नको.

चॉकलेटं वाटू नका.

संडासाचा खड्डा नोव्हेंबरच्या आत बांधून काढा, एप्रिलपर्यंत पाऊस असतो आणि रेताड जमिनीत खड्डा ढासळतो.

"आमचं गाव हागणदारीमुक्त झालं" हे भाषण तर अजिबात नको. २०२२ च्या मार्चपासून तिथे कॉलराची जी साथ आली त्यात १७०० वर माणसं गेली, हात का धुवायचे हे त्यांना पुण्याच्या पोराने सांगायची गरज नाहीये.

अजून एक. जेवणाआधी यजमान हात धुवायला पाणी घेऊन येतात, पाहुण्याला पहिलं. त्यांच्यासमोर खिशातून सॅनिटायझर काढणारे मी पाहिलेत आणि यजमानीणबाईचा चेहरासुद्धा. एकाच भांड्यात सगळे हात बुडवतायत याची काळजी वाटत असेल तर तांब्या स्वतः उचला आणि सगळ्यांच्या हातावर पाणी ओतायला लागा, कुणी नाही म्हणत नाही.